नव्या 'डिव्हिनिटी'ची वाट पाहताना : पैसे, लॅपटॉप आणि पाळीपाळीची लढाई

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. डिसेंबर २०२५मध्ये 'द गेम अवॉर्ड्स' या व्हिडिओ गेमच्या पुरस्कार सोहळ्यात लॅरियन स्टुडिओजने नव्या 'डिव्हिनिटी' या गेमची घोषणा केली, तेव्हापासून तुम्हांला दुसरे काही सुचत नाही. त्याच स्टुडिओचा 'बाल्डर्स गेट ३' तुम्ही अर्धाच खेळलात, कारण तिसऱ्या अंकात शहरात शिरताच तुमच्या लॅपटॉपने मान टाकली. इंदूरमधल्या तुमच्या चौघांच्या कंपूपैकी दोघांना टर्न-बेस्ड, म्हणजे पाळीपाळीने चालणारी, लढाई कंटाळवाणी वाटते. आता अर्ली अ‍ॅक्सेस (म्हणजे गेम पूर्ण होण्याआधीच विकत मिळणारी अपुरी आवृत्ती) निघताच गेम घ्यावा का, त्याआधी लॅपटॉप बदलावा का आणि त्या दोघांना काय सांगावे, हे तुम्हांला ठरवायचे आहे.

मीही इंदूरचाच आहे. गेम टेस्टिंग हे माझे पोटापाण्याचे काम असून त्यातला बराच वेळ मोबाइलवरच्या टर्न-बेस्ड गेममधल्या लढाया तपासण्यात जातो. शिवाय रविवारी रामबागेत एका मित्राकडे आमची 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलाभोवती फासे टाकत खेळायच्या कथा-खेळाची बैठक असते आणि तिथे डन्जन मास्टरची, म्हणजे खेळ चालवणाऱ्याची, जबाबदारी माझ्याकडे असते. पुढचे सगळे या दोन अनुभवांवरून लिहीत आहे.

तुम्ही प्रश्न तीन विचारले असले, तरी त्यांच्या मुळाशी अडचण एकच आहे : जो गेम अजून आपल्यापैकी कोणी खेळलेला नाही, त्याच्याविषयीची उत्सुकता कशाच्या आधारावर तोलायची? त्या ट्रेलरमध्ये जत्रेसारखा उत्सव आहे, माणूस जाळण्याचा विधी आहे, अंगावर काटा आणणारे बरेच काही आहे; प्रत्यक्ष खेळातली लढाई मात्र त्यात क्षणभरही दिसत नाही. घोषणेच्या वेळी प्रकाशनाची तारीखही दिली नव्हती. गेम टर्न-बेस्ड असेल आणि आधी अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये येईल, एवढे लॅरियनने सांगितले आहे. म्हणजे आज आपण ज्याची वाट पाहत आहोत, ते खरे तर या स्टुडिओचे आधीचे काम आहे, आणि त्यात काही गैर नाही. फक्त त्या कामात नेमके काय चांगले होते आणि काय अडत होते, हे नीट पाहून ठेवले, तर नव्या गेमची पहिली प्रत्यक्ष झलक आल्यावर तुम्हांला दहा मिनिटांत मत बनवता येईल.

कंटाळ्याची तक्रार आधी घेतो, कारण तिच्यात तथ्य आहे. 'बाल्डर्स गेट'चे पहिले दोन भाग, १९९८ आणि २०००चे, बायोवेअरने केले होते. त्यांत लढाई सलग चालते आणि खेळाडू हवे तेव्हा ती थांबवून हुकूम देतो. तिसरा भाग लॅरियनने टर्न-बेस्ड केला तेव्हा जुन्या चाहत्यांनी बरीच कुरकुर केली होती. २०२३च्या जूनमध्ये आलेल्या 'फायनल फँटसी १६'ने, १९८७मध्ये पाळीपाळीच्या लढाईनेच सुरू झालेल्या मालिकेतला गेम असूनही, पूर्ण अ‍ॅक्शनची वाट धरली होती. मोठ्या खर्चाच्या गेममध्ये टर्न-बेस्ड चालत नाही, हा समज तेव्हा चांगलाच रुजलेला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'बाल्डर्स गेट ३' आला आणि वर्षाचा सर्वोत्तम गेम ठरला. २०२५मध्ये तोच मान फ्रान्समधल्या एका लहान स्टुडिओच्या 'क्लेअर ऑब्स्क्युर : एक्स्पिडिशन ३३'ला मिळाला, आणि तोही टर्न-बेस्डच आहे. पुरस्कारांमुळे तुमच्या मित्रांचा कंटाळा जाणार नाही, हे मला कळते; पण हा प्रकार जुनाट झाला आहे, असे मात्र त्यांना आता म्हणता येणार नाही.

कंटाळा येतो तो पाळीमुळे नाही, तर मागच्या पाळीत घेतलेलाच निर्णय या पाळीतही घ्यावा लागतो म्हणून येतो. आमच्या कामात एखादी लढाई हातात आली की मी ती पहिल्यांदा डोके बाजूला ठेवून खेळतो : प्रत्येक पाळीत सगळ्यांत जोरदार हल्ला समोरच्या शत्रूवर करायचा, बाकी काहीही करायचे नाही. एवढ्यावर लढाई जिंकता आली, तर ती लढाई म्हणजे नुसती सजावट आहे, असा शेरा मी लिहितो. मोबाइलवरच्या कित्येक गेममध्ये ऑटोचे बटण दाबून जेवायला जाता येते, कारण त्यांतल्या बहुतेक लढाया या चाचणीत सरळ नापास होतात. तुमच्या मित्रांनी टर्न-बेस्ड म्हणून जे पाहिले ते असलेच काही असेल, तर त्यांचे मत त्या अनुभवापुरते बरोबरच आहे.

आता लॅरियनकडे वळू. एका पाळीत खेळाडूला काय काय करता येते, ही मी पाहतो ती पहिली गोष्ट. 'डिव्हिनिटी : ओरिजिनल सिन २'मध्ये, म्हणजे २०१७च्या गेममध्ये, साधारणपणे प्रत्येक पाळीला चार अ‍ॅक्शन पॉइंट मिळतात आणि न वापरलेले साठवून सहापर्यंत नेता येतात. हल्ला, मंत्र, चालणे, सगळे याच एका गल्ल्यातून होते. यात लवचीकपणा भरपूर आहे, पण चालण्यालाही किंमत असल्यामुळे खेळाडू शक्यतो जागचा हलत नाही आणि उडी मारून किंवा अदृश्य होऊन जागा बदलणारी कौशल्ये जवळजवळ सक्तीची होतात. 'बाल्डर्स गेट ३'मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे नियम आहेत : एक अ‍ॅक्शन, एक बोनस अ‍ॅक्शन, चालण्याचे अंतर वेगळे, आणि शत्रूच्या पाळीत वापरायची एक रिअ‍ॅक्शन. चालणे फुकट असल्यामुळे सगळे सतत जागा बदलतात. त्यातही लॅरियनने शत्रूला ढकलणे हे बोनस अ‍ॅक्शनमध्ये टाकले, त्यामुळे हल्ला करून झाल्यावर त्याच पाळीत कड्यावर उभ्या असलेल्या शत्रूला खाली लोटता येते. आमच्या टेबलावर छापील नियमांनुसार ढकलण्यासाठी एक हल्ला खर्ची पडतो, म्हणून लोक ते क्वचित करतात. गेममध्ये तेच लोक ऊठसूट धक्के मारत सुटतात. नियमातला एवढासा बदल, पण त्याने संपूर्ण लढाईचा स्वभाव बदलतो. नव्या 'डिव्हिनिटी'चे नियम लॅरियनचे स्वतःचे असणार, तेव्हा पहिली झलक येईल तेव्हा राक्षस किती मोठा आहे हे नंतर पाहा. चालण्याला किंमत आहे का, हे आधी पाहा.

दुसरी गोष्ट म्हणजे भूमी. 'बाल्डर्स गेट ३'च्या पहिल्या अंकात ओसाड गावाच्या विहिरीखाली गुहा आहे, आणि तिथे महाकाय कोळी-कीटकांची राणी राहते. तिच्याशी सरळ मारामारी केली, तर सुरुवातीच्या लेव्हलची पार्टी, म्हणजे खेळाडूच्या पात्रांचा गट, पटकन आडवी होते. ती क्षणात इकडून तिकडे प्रकट होते, तिचे विष लागते, आणि सभोवतालच्या अंड्यांमधून पिल्ले बाहेर पडतात. पण तिथे ये-जा करण्यासाठी जाळ्यांचेच पूल आहेत. ती अशा जाळ्यावर उभी असताना जादूगाराने अगदी साधा, फुकटचा अग्निबाण तिच्यावर न मारता जाळ्यावर मारला, तर जाळे जळते, राणी खाली कोसळते आणि पडण्याचा मार तिला बसतो. अंडी तर लढाई सुरू होण्याआधीच, लपत जाऊन, नष्ट करता येतात. हे सगळे खेळाडूला कोणी सांगत नाही. जागा पाहून त्याला ते सुचावे लागते. माझ्या डोके बाजूला ठेवण्याच्या चाचणीत ही लढाई उत्तम पास होते, आणि टर्न-बेस्ड कशासाठी असते हे तुमच्या मित्रांना दाखवायचे असेल, तर हीच लढाई दाखवा. सलग चालणाऱ्या लढाईत जाळ्याकडे लक्ष जायला उसंतच मिळत नाही.

तिसऱ्या गोष्टीविषयी मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण माझी खरी धाकधूक तिथे आहे. शत्रूला गोठवणे, पाडणे, भुलवणे अशा गोष्टींवर कुठलातरी लगाम हवा, नाहीतर जो आधी गोठवतो तो जिंकतो. २०१४च्या पहिल्या 'ओरिजिनल सिन'मध्ये हे बऱ्याच अंशी नशिबाच्या टक्क्यांवर होते, त्यामुळे चांगली बांधलेली पार्टी शत्रूला पाळीच मिळू देत नसे. दुसऱ्या भागात त्यावर उपाय म्हणून प्रत्येकाला दोन चिलखते दिली : एक शारीरिक हल्ल्यासाठी, एक जादूसाठी. ते ते चिलखत शून्यावर येईपर्यंत त्या त्या प्रकारचा परिणाम शत्रूवर होतच नाही. कागदावर हे सुबक दिसते. प्रत्यक्षात असे झाले, की पार्टीत दोन तलवारवाले आणि दोन जादूगार असतील, तर दोघे एका चिलखतावर ठोकतात, दोघे दुसऱ्यावर, आणि एकमेकांच्या मेहनतीचा एकमेकांना उपयोग होत नाही. त्यामुळे चौघांनाही एकाच प्रकारचा हल्ला देणे फायद्याचे ठरू लागले, आणि इतक्या मोकळ्या गेममध्ये विविधतेलाच दंड बसला. तेल, पाणी, आग, वीज यांचा जो खेळ या मालिकेची ओळख आहे, त्यातली निम्मी गंमत चिलखत उतरेपर्यंत बंद राहते. 'बाल्डर्स गेट ३'मध्ये हा प्रश्न आला नाही, कारण तिथे फासे टाकून असा परिणाम टाळण्याचा आयता नियम होता. आता लॅरियन पुन्हा स्वतःच्या नियमांकडे येत आहे, तेव्हा शत्रूच्या डोक्यावर उरलेला जीव दाखवणाऱ्या पट्टीबरोबर राखाडी आणि निळी अशा दोन पट्ट्या दिसतात का, हे मी पहिल्या चित्रणात सर्वांत आधी शोधणार आहे. दिसल्या, तर माझा उत्साह बऱ्यापैकी उतरेल, हे प्रामाणिकपणे सांगतो.

खेळाडूला माहिती किती मिळते, हेही पाहावे. वार लागण्याची टक्केवारी आणि पुढच्या पाळ्यांचा क्रम समोर दिसत असेल, तर हरल्यावरही माणूस चिडत नाही, विचार करतो. अर्थात टक्केवारी दाखवण्याचेही धोके आहेत. ९५ टक्के दिसत असताना वार हुकला की खेळाडूला ती फसवणूक वाटते. म्हणूनच 'बाल्डर्स गेट ३'मध्ये अपयशाची लांब मालिका तुटावी यासाठी फाशांना किंचित कलते करणारी सोय सुरुवातीपासून चालू ठेवलेली असते. ती मी बंद करून खेळतो, पण या प्रकारात नवख्या असलेल्या तुमच्या मित्रांसाठी ती चालूच राहू द्या.

आता अर्ली अ‍ॅक्सेस. इथे उत्तर पूर्णपणे तुमच्या स्वभावावर अवलंबून आहे. 'बाल्डर्स गेट ३' ६ ऑक्टोबर २०२० रोजी अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आला आणि ३ ऑगस्ट २०२३ रोजी पूर्ण झाला. जवळजवळ तीन वर्षे लोकांच्या हातात फक्त पहिला अंक होता, सुरुवातीला तोही चौथ्या लेव्हलपर्यंतच; पूर्ण गेममध्ये लेव्हल बारापर्यंत जाते. ड्रुइड, सॉर्सरर, बार्बेरियन, बार्ड, पॅलाडिन हे क्लास, म्हणजे पात्रांचे पेशे, एकेक करून येत गेले, आणि मंक तर शेवटी पूर्ण गेमबरोबरच आला. अर्ली अ‍ॅक्सेसमधले सेव्ह पूर्ण गेममध्ये चालले नाहीत.

या काळात नियमही मुळापासून हलले. सुरुवातीला उंचावर उभे राहून हल्ला केला की अ‍ॅडव्हांटेज मिळे, म्हणजे वीस बाजूंचे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. ज्या शत्रूला लागण्यासाठी ११ किंवा जास्त हवेत, त्याच्यावरचा ५० टक्क्यांचा वार त्यामुळे ७५ टक्क्यांवर जाई. परिणाम असा, की सगळे शिडी शोधत पळत आणि अ‍ॅडव्हांटेज मिळवून देणाऱ्या बाकीच्या कौशल्यांना कोणी विचारत नसे. खेळाडूंनी हे ओरडून सांगितल्यावर उंचीला नुसते दोन जादा गुण देण्यात आले. तोच वार आता ६० टक्क्यांचा होतो. रिअ‍ॅक्शनची पद्धतही नंतर बदलली आणि ती कधी वापरायची हे विचारणारी चौकट आली. माझ्यासारख्या माणसाला हे बदल होताना पाहणे हीच मेजवानी असते. तुम्हांला मात्र मुख्यतः कथा हवी असेल, पात्रांशी गुंतायचे असेल, तर त्याच पहिल्या अंकाची पारायणे करून कथेची नवलाई घालवू नका. पूर्ण गेमसाठी थांबा. तुमच्या प्रश्नाचा सूर पाहता तुम्ही दुसऱ्या प्रकारचे आहात, असे मला वाटते.

पैशाबद्दल थोडक्यात. 'बाल्डर्स गेट ३' भारतात स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर २,९९९ रुपयांना होता, आणि डॉलरमध्ये पाहिले तर अर्ली अ‍ॅक्सेसची किंमत पूर्ण गेमएवढीच होती. म्हणजे लवकर घेण्यात बचत नव्हती. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असेल तर रिफंड मिळतो, पण अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये खेळलेला वेळही त्या दोन तासांत मोजला जातो. लॅरियनच्या गेममध्ये पात्राचे नाक-डोळे ठरवण्यातच त्यातला बराचसा वेळ जातो, हे ध्यानात असू द्या. डिजिटल प्रती संपत नसतात, त्यामुळे प्री-ऑर्डरची घाई करण्याचे कारण मला दिसत नाही.

लॅपटॉपच्या बाबतीत माझे मत ठाम आहे : या गेमसाठी म्हणून आज काहीही घेऊ नका. कामासाठी किंवा शिक्षणासाठी लॅपटॉप हवाच असेल, तर गोष्ट वेगळी. अंदाजासाठी 'बाल्डर्स गेट ३'चे आकडे पाहा : १५० जीबी जागा आणि तीही एसएसडीवर, किमान ८ जीबी रॅम, शिफारस १६ जीबीची, ग्राफिक कार्ड किमान जीटीएक्स ९७० आणि शिफारस आरटीएक्स २०६० सुपरची. नव्या गेमची गरज यापेक्षा कमी नसेल, असे धरून चाला. तुमचा लॅपटॉप तिसऱ्या अंकात अडखळला, कारण त्या शहरात शेकडो पात्रे एकाच वेळी हलतात आणि तो भार मुख्यतः प्रोसेसरवर येतो. तिथे नुसते ग्राफिक कमी करून फारसा फरक पडत नाही. दुकानदार मोठ्या ग्राफिक कार्डाकडे बोट दाखवतील, तुम्ही प्रोसेसरची पिढी आणि जादा रॅम बसवायला रिकामी जागा आहे का ते विचारा. सिल्व्हर मॉलमध्ये चौकशी करायला हरकत नाही, पण २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत, तेव्हा नुसत्या उत्साहापायी खिशात हात घालू नका. आहे त्या लॅपटॉपचे पंखे एकदा साफ करून घ्या आणि थर्मल पेस्ट बदला. मेच्या दुपारी इथल्या उकाड्यात तापलेला प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो, आणि आपण दोष गेमला देतो. टर्न-बेस्ड गेमचा एक फायदा असा, की सेकंदाला ३० फ्रेममध्येही तो सुखाने खेळता येतो. इथे कोणाला पापणी लवायच्या आत वार चुकवायचा नसतो.

राहिले तुमचे दोन मित्र. त्यांतल्या ज्याला हाताला काम हवे असते, त्याला 'एक्स्पिडिशन ३३' द्या. तिथे पाळी शत्रूची असली तरी नेमक्या क्षणी बटण दाबून वार चुकवता किंवा परतवता येतो, त्यामुळे तो स्वस्थ बसून राहत नाही. ज्याला वाट पाहण्याचाच राग येतो, त्याला चौघांच्या गटात घ्या. 'बाल्डर्स गेट ३'मध्ये पाळीचा क्रम ठरवताना वीस बाजूंच्या फाशाऐवजी चार बाजूंचा फासा वापरला जातो. आकडे जवळजवळ येतात, आपली माणसे क्रमात शेजारी पडतात, आणि शेजारी पडलेल्यांना एकाच वेळी खेळता येते. चौघांच्या गटात वाट पाहण्याचा वेळ त्यामुळे बराच कमी होतो. बाकी उशीर होतो तो कोणीतरी सराफ्यातल्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस खात अडकल्यामुळे, आणि त्यावर कोणत्याही स्टुडिओकडे इलाज नाही.

तोवर चौघे मिळून 'ओरिजिनल सिन २' सुरू करा. तो जुना असल्यामुळे तुमच्या आत्ताच्या लॅपटॉपवर चालेल, सेलमध्ये स्वस्त मिळतो, आणि नवा गेम त्याच जगातला आहे. मात्र त्यात संवाद खूप आहेत आणि ते सगळे इंग्रजीतून वाचावे लागतील, हे आधीच सांगून ठेवा. पार्टी बांधताना मी वर लिहिलेला चिलखतांचा हिशेब लक्षात असू द्या : निदान तिघांचा मार एकाच प्रकारचा ठेवा. सुरुवातीच्या बंदिस्त किल्ल्यातून बाहेर पडेपर्यंत धीर धरायला त्यांना सांगा, कारण तिथवर हातात कौशल्ये कमी असतात आणि लढाया कठीण वाटतात. त्यानंतरही त्यांना कंटाळाच आला, तर त्यांच्यासाठी नवा 'डिव्हिनिटी' घेऊ नका. तुम्ही एकट्याने खेळा.